टाकीचा पंचनामा

बेलिफकाका कुणाकडेही गेले की पुढच्या दाराची बेल वाजवायचे आणि लगबगीने घराला वळसा घालून मागल्या दारी जाऊन उभे राहायचे. समन्स घेऊन नव्हे, नुसता चहा प्यायला आले तरी. तीस वर्षं अलिबागच्या कोर्टात बेलिफाची नोकरी केलेली. समन्स आलंय म्हटलं की माणूस पुढून बायकोकरवी ‘घरात नाहीत’ म्हणून सांगतो आणि मागून परसातल्या माडांमधून सटकतो, हे त्यांना पाठ. निवृत्त झाले तरी पाय ऐकत नव्हते. आमच्या रेवदंड्याच्या आळीला त्याची सवय झाली होती. बेल वाजली आणि पुढे कुणी दिसलं नाही की आम्ही चहाचं आधण ठेवायचो आणि मागलं दार उघडायचो.

मी कोर्टाबाहेर टायपिंग करते. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, घटस्फोटाचे कागद, जे येईल ते. टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला तरी मी टायपिस्टबाईच राहिले. काका मूळचे रेवसकडचे, मिठागरात राबणाऱ्या घरातले. ते मला ‘टायपिस्टबाय’ म्हणायचे. त्यांच्या आणि माझ्या घरात एकच भिंत. मी तशी तोंडाळ आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला धक्का बसायला नको.

संशय न घेता एकही काम त्या माणसाने आयुष्यात केलं नसेल. बाजारात गेले की पापलेटाचा कल्ला उचलून बघायचे, ठेवायचे, दोन पावलं जाऊन परत यायचे आणि पुन्हा तोच कल्ला उचलायचे, मधल्या वेळात कोळणीने मासा बदलला तर? दुधाच्या पिशवीवरची तारीख उजेडात धरून वाचायचे. मी वाटीभर सांदण दिलं तर विचारायचे, आज काय विशेष? विशेष काही नाही म्हटलं की त्यांचा संशय पक्का व्हायचा. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, “माणूस घरात न्हाय म्हणजे मागल्या दारी हाय.” हे ते पोस्टमनपासून परमेश्वरापर्यंत कुणालाही लावत.

काकू गेल्या आणि घर एकदम मुकं झालं. पनवेलचा त्यांचा पुतण्या भला पोरगा. तो म्हणाला, काका, एखादं कुत्रं पाळा. काकांनी साफ नाही सांगितलं. म्हणे कुत्र्याला बिस्किट दाखवलं की ते कुणावरही भरोसा ठेवतं, असलं जनावर घरात काय कामाचं! मग तो त्यांना मुंबईला माशांच्या दुकानात घेऊन गेला. तिथलं वर्णन मी काकांच्या तोंडून किमान वीस वेळा ऐकलंय. काचेजवळ तोंड नेलं की बाकीच्या टाक्यांमधले मासे लाळघोट्यासारखे पुढे धावत आले. एका टाकीत मात्र बोटाएवढी एक जोडी होती. तिच्यातला नर मादीच्या पुढे आडवा झाला, कल्ले फुगवले आणि काकांकडे असा रोखून बघत राहिला की जणू यांच्याच खिशात वॉरंट आहे. काका म्हणाले, “हे आपल्यातले. बांध.”

क्रिब म्हणतात त्या माशांना. सिक्लिड नावाच्या मोठ्या भांडखोर घराण्यातली ही ठेंगणी शाखा. नर लांबट, शेपटीवर ठिपके. मादी आखूड, गुटगुटीत आणि तिच्या पोटावर पिकल्या करवंदासारखा लालजांभळा डाग. पाण्याची पिशवी शर्टाच्या आत पोटाशी धरून काका भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचमध्ये बसले. शेजारच्या माणसाने कौतुकाने विचारलं, काय नेताय? काकांनी सांगितलं, औषध. मग पूर्ण प्रवासात त्या माणसावर डोळा ठेवून बसले, कारण औषधाची चौकशी इतक्या आपुलकीने कोण करतं?

टाकी पुढच्या खोलीत मांडली. तळाला वाळू, आत अर्धी करवंटी पालथी घातलेली, तिला कडेला मासा शिरेल एवढं भोक. सोबतीला त्यांनी चार स्वस्तातले झेब्रा मासे सोडले होते, पट्ट्यापट्ट्यांचे, दिवसभर उगाच पळापळ करणारे. महिन्याभरात मादीने रंग दाखवायला सुरुवात केली. आता माणसांत पुढाकार नवऱ्याने घ्यायची पद्धत आहे म्हणतात, पण इथे बाईच अंग वाकवून पोटावरचा डाग नवऱ्यापुढे थरथरवायची आणि करवंटीकडे निघायची. मी म्हटलं, अहो, काय तो नखरा! काका म्हणाले, नखरा न्हाय, ती जागा दाखवते. आणि खरंच, दोन दिवसांनी दोघं करवंटीत गडप झाली. मादीने आत छताला उलटी अंडी चिकटवली. मग ती आत बसून परांनी अंड्यांना वारा घालू लागली आणि नर दारावर पहारा देऊ लागला. झेब्र्यांपैकी कुणी वीतभर जवळ आला की हा तोफेच्या गोळ्यासारखा अंगावर जायचा. काका खुर्ची टाकून समोर बसायचे. त्यांच्या आयुष्यात इतका विश्वासू चौकीदार त्यांनी पाहिला नव्हता.

तेव्हाच एकदा संध्याकाळी ते मला मनातलं बोलले. मी चहा घेऊन गेले होते. ते हात उलटेसुलटे करून बघत होते. म्हणाले, “तीस वर्षं या हातानं जे दिलं, ते लोकांनी तोंड वाकडं करूनच घेतलं. कुणी पळाला, कुणी अंगावर कुत्रं सोडलं. एकदा कुणाच्या दारी असं कायतरी न्यायचंय, का तो माणूस हसत हात पुढं करंल. ही पिल्लं वाढली ना बाय, का घरोघर वाटणार मी.” मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. 

पण पिल्लं होतील तर ना! तिसऱ्या दिवशी करवंटी रिकामी. एक अंडं नाही. काकांनी फाइल उघडली. खोटं नाही सांगत, कोर्टात वापरतात तशी पुठ्ठ्याची फाइल, वर लाल नाडी, आणि आत लिहिलेलं ‘अंडी गहाळ प्रकरण’. पहिला संशय टाकीत आपोआप झालेल्या गोगलगायींवर. त्या वेचून काढल्या. पुढच्या खेपेला पुन्हा अंडी गेली. मी तेव्हाच म्हटलं होतं, काका, तुम्ही तासातासाला करवंटीत टॉर्च मारता, बाळंतिणीच्या खोलीत असा कुणी उजेड पाडला तर तीही पोरं पदराखाली घेईल. घाबरलेले मासे आपलीच अंडी गिळून टाकतात, असं दुकानदारानेही फोनवर सांगितलं. काकांना ते पटेना. आईबाप पोरं खातील? हा दुकानदारच कुणाला तरी पाठीशी घालतोय. तरी टॉर्च बंद केला, एवढं मात्र मान्य करायला हवं. अंडी टिकली, फुटली. करवंटीच्या तळाशी शेपट्या वळवळताना दिसल्या. काकांनी मला हाताला धरून नेलं आणि दाखवलं.

आता मात्र त्यांचा संशय झेब्र्यांवर बसला. चार उपरे मासे, घरात अन्न मिळतं, काम काही नाही, मग नजर कशावर असणार? काकांनी चारही उचलून पडवीतल्या प्लास्टिकच्या टबात टाकले. टाकीत फक्त नवरा-बायको आणि पिल्लं. आता कुणाचा धोका नाही, म्हणाले.

आणि नेमकं त्याच आठवड्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुतण्याने मुंबईची तारीख घेतलेली. चार दिवस घर बंद राहणार. आमच्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नाही, आणि हवेची मोटार बंद पडली की संपलं. म्हणून चावी कुणाकडे तरी देणं भाग होतं. ती माझ्याकडे आली. पण कशी? टाकीच्या झाकणावर चारही बाजूंनी कागदाच्या पट्ट्या खळीने चिकटवलेल्या, प्रत्येक पट्टीवर तारीख आणि सही, निम्मी सही कागदावर आणि निम्मी काचेवर. मला बजावलं: लाईट गेली तर बॅटरीची मोटार लावायची, झाकणाला हात लावायचा नाही. पिल्लांच्या पोटाखाली अजून बलक आहे, चार दिवस खायला लागत नाही. मला राग आला. मी म्हटलं, जप्तीचा माल आहे का हा? ते म्हणाले, सवय गं. आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोकावले तर नर कोपऱ्यात वर, पाण्याच्या कडेला, फाटक्या परांनी कसाबसा टेकून उभा. मादी खालून येऊन त्याला धडका देत होती. जरा खाली उतरला की ही अंगावर. त्याच्या कुशीवरचे खवले गेले होते. दुपारी कोर्टातून मी लवकर आले. तो आणखी खचला होता. आणि पिल्लांजवळ कुणीच नव्हतं, कारण बाईसाहेब नवऱ्याला मारण्यात गुंतलेल्या.

आता मला माशांतलं काही कळत नाही. पण मी आयुष्यभर घटस्फोटाचे कागद टाइप केलेत. त्यांत एक गोष्ट मी इतक्या वेळा टाइप केलीय की बोटांना पाठ आहे: एकत्र घरात होते तोवर ठीक होतं, वेगळा ब्लॉक घेतला आणि बिनसलं. सासू होती, जाऊ होती, शेजारीण होती, तोवर दोघं मिळून त्यांच्यावर डाफरत होती. डाफरायला कुणी उरलं नाही, मग एकमेकांवर सुरू झाली. मी टाकीपुढे उभी राहिले आणि लख्ख दिसलं. हिला ज्याच्यावर पहारा ठेवायचा असा परका कुणी हवा होता. तो काकांनी काढून टाकला. आता घरात संशय घ्यायला नवराच तेवढा शिल्लक.

काकांना फोन लावला. डोळ्याला पट्टी, फोन बंद. पुतण्याचाही लागेना. मी खोटं बोलणार नाही, मी घाबरले होते. त्या पट्ट्यांवरच्या सह्या माझ्याकडेच बघत होत्या. मी काकांना ओळखत होते. सील फाटलेलं दिसलं की हा माणूस मासे मेले की जगले हेही आधी विचारणार नाही. आणि नाही फाडलं तर घरोघर वाटायची पिल्लं संपली. मी दोन पट्ट्या फाडल्या. पडवीतल्या टबातून चारही झेब्रे गाळणीने उचलून आत सोडले. मिनिटभर मादी थबकली. मग त्यांतला एक पट्टेवाला पिल्लांच्या बाजूने गेला मात्र, ती बाणासारखी त्याच्यावर धावली. आणि वरच्या कोपऱ्यातून तो फाटका नर खाली उतरला आणि दुसऱ्या बाजूने दुसऱ्यावर गेला. संध्याकाळपर्यंत दोघं करवंटीच्या दोन बाजूंना उभी होती, पूर्वीसारखी. मला रडू आलं, कशासाठी कुणास ठाऊक.

काका आले. डोळ्यावर हिरवा कपडा, एका डोळ्याने टाकी पाहिली. आधी पट्ट्या मोजल्या. मग झेब्रे मोजले.  बाहेर जाऊन समोरच्या दुकानदाराला आणि दूधवाल्याला पंच म्हणून बोलावून आणलं आणि रीतसर पंचनामा केला. मग माझा जबाब. मी तापले होते. काय घडलं ते सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाले, विचारलं तेवढंच बोल, सील कुणी फाडलं? मी म्हटलं, “लिहा. मी फाडलं. आणि परत वेळ आली तर परत फाडीन.” त्यांनी शब्दन् शब्द लिहून घेतला, माझी सही घेतली आणि कागद फाइलला लावला. शेजारधर्माला अशी पोच मिळाली. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

दीड महिना भिंतीच्या अलीकडे मी आणि पलीकडे ते. पण कान कुठे जातात? काका पहाटे रेवसकडे जाऊन मिठागराचं खारं पाणी कॅन भरून आणत होते. त्यात डोळ्याला जेमतेम दिसणारे लालसर किडे असतात, लहानपणी तेच बघत मोठे झालेले. तेच ते पिल्लांना भरवायचे. दुकानातल्या डबीवर त्यांचा विश्वास नव्हता. पिल्लं आईबापांच्या मधून ढगासारखी फिरतात, असं दूधवाला सांगायचा. मी विचारत नव्हते, तो आपणहून सांगायचा.

मग एका रविवारी बेल वाजली. मी मागलं दार उघडलं. काका उभे, हातात पाण्याची पिशवी, आत सहा पिल्लं, प्रत्येकाच्या अंगावर काळी रेघ. दुसऱ्या हातात कागद: ‘सहा नग पिल्ले सुस्थितीत मिळाली.’ खाली सहीला जागा. माफी नाही, काही नाही. मी म्हटलं, सही करणार नाही. ते म्हणाले, पोच घेतल्याशिवाय देता येत न्हाय. शेवटी मी सही केली आणि खाली लिहिलं, ‘आक्षेप कायम’. त्यांनी ते वाचलं, मान हलवली आणि पुढच्या घरी गेले.

त्या रविवारी आख्ख्या आळीने मजा पाहिली. समोरच्या दुकानदाराने काकांच्या हातात कागद पाहिला आणि जुन्या सवयीने मागल्या दाराने पळाला. काका आधीच तिथे उभे. पिशवी पाहिल्यावर तो इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. घरोघर लोक हसले, हात पुढे केले, सह्या केल्या. संध्याकाळी काका ओट्यावर बसले होते. हात मांडीवर, तळवे वर करून. मी भिंतीआडून पाहिलं आणि आत गेले.

पुढल्या खेपेला झेब्रे टाकीतच राहिले. नंतरही कधी काढले नाहीत. म्हणजे काकांना सगळं कळलं होतं. बोलणं परत सुरू झालं, सांदणाची वाटीही परत सुरू झाली. पण माझा जबाब फाइलमध्ये तसाच. मी दर दिवाळीला म्हणायचे, तो कागद फाडा, माझं नाव आरोपी म्हणून तुमच्या घरात पडलंय, मला आवडत नाही. ते म्हणायचे, प्रकरण चालू हाय. सहा वर्षं हेच उत्तर. टाकीचं सीलही चालू होतं. अलिबागला डॉक्टरकडे अर्ध्या दिवसासाठी गेले तरी पट्ट्या, तारीख, सही. मी चिडायचे, टोमणे मारायचे. आणि खरं सांगू, त्या पट्ट्या दिसल्या की मला बरं वाटायचं. माणूस परत येणार आहे, म्हणून तर सही करून जातो.

या वर्षी दिवाळीनंतर त्यांचं जेवण तुटलं. पुतण्या गाडी घेऊन आला, गाडीसकट रो-रो बोटीने मुंबईला न्यायचं ठरलं. त्या सकाळी माझी बेल वाजली. मी आधण ठेवलं आणि मागलं दार उघडलं. तिथे कुणी नव्हतं.  धावत पुढे आले तर काका पुढच्या पायरीवर बसलेले, भिंतीला टेकून.

त्यांनी चावी माझ्या हातात दिली. मी त्यांच्या घरात डोकावले. झाकणावर पट्टी नव्हती. मी म्हटलं, सील राहिलं. ते म्हणाले, राहू दे. मी म्हटलं, मासे तरी मोजून द्या, नंतर माझ्या नावाने शंख कराल. ते नुसते हसले. मग खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. माझा जबाब.

“फाड,” म्हणाले. “प्रकरण निकाली निघालं, टायपिस्टबाय. तू केलंस ते बरोबर केलंस. मला त्याच दिवशी दिसलं होतं.”

सहा वर्षं मी ज्या वाक्याची वाट पाहिली ते असं पायरीवर, गाडीचं इंजिन चालू असताना आलं. आणि मला ते नको झालं. मी बाई भयंकर संतापले आणि कागद तसाच घडी घातलेला हातात धरून ठेवला. मी म्हटलं, “मी नाही फाडत. तुमचं प्रकरण आहे, तुम्ही परत येऊन फाडा.” काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पहिल्या दिवशीच्या माशासारखं रोखून. मग पुतण्याने त्यांना उचलून गाडीत बसवलं.

ते परत आले नाहीत. अकराव्या दिवशी पुतण्याचा फोन आला.

टाकी आता माझ्याकडे आहे, भिंतीच्या या बाजूला. मूळ जोडी केव्हाच गेली. ही तिची नातवंडं. झेब्रे चार आहेत. गेल्या आठवड्यात मादीचं पोट लाल झालं, ती करवंटीत शिरली आणि नर दारावर उभा राहिला. मी काचेजवळ गेले की तो कल्ले फुगवून माझ्याकडे बघतो, मी काहीतरी चोरणार असल्यासारखा. मी त्याला म्हणते, बघ बाबा, नीट बघ. तो कागद मी टाकीखाली ठेवलाय, चार घड्यांचा, न फाडलेला. प्रकरण चालू आहे.